मदत हवी आहे: आयसेनहॉवर बोगद्यातून कॅम्पर ओढायचाय

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई-बाबा भारतातून येतायत. त्यांना घेऊन डेन्व्हरहून आयसेनहॉवर बोगद्यामार्गे युटामधल्या मोआबला, आर्चेस नॅशनल पार्क बघायला जायचंय. फोर्ड एफ-१५० पिकअप आहे, आणि भरल्यावर ६,००० पौंडांपर्यंत जाणारा कॅम्पर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घ्यायचा विचार आहे.

डीलर म्हणतो, गाडी ९,००० पौंड ओढते, काळजी नको. पण दाराच्या आतल्या स्टिकरवर पेलोड, म्हणजे माणसं, सामान आणि कॅम्परचा गाडीवर येणारा भार धरून गाडी पेलू शकेल ते वजन, १,५०० पौंडच आहे. कॅम्परच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (गाडीला कॅम्पर जोडायच्या सांध्यावर) येतो, म्हणजे १३ टक्क्यांनी ७८० पौंड. आम्ही चौघं ६००, हिचचं स्वतःचं वजन १००. उरले जेमतेम २० पौंड! मग सामान कुठे ठेवायचं? कॅम्परमध्ये पुढे टाकलं तर हिचवरचा भार वाढतो, मागे टाकलं तर कॅम्पर डोलायला लागतो.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिचने (हिचवरचा भार पुढच्या चाकांवर आणि कॅम्परच्या चाकांवरही वाटून देणारी हिच) पेलोड वाढत नाही, हे मला माहीत आहे. खरी धास्ती बोगद्यानंतर सिल्व्हरथॉर्नकडच्या ७ टक्के उताराची आहे. तिथे कोणता गिअर ठेवता? ब्रेक कंट्रोलर (कॅम्परचे ब्रेक गाडीतून लावणारं उपकरण) कसा सेट करता? की सरळ ४,००० पौंडांचा लहान कॅम्पर घेऊ? या रस्त्यावर स्वतः ओढलेल्यांनी कृपया सांगा, बाबांच्या गुडघ्यांमुळे मध्ये थांबेही बरेच घ्यावे लागतील.