डावा हात उघडा ठेव : गेलेल्या माणसाचा छंद पुढे चालवताना (अनुभव धागा)

दादाला जाऊन यंदाच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तीन वर्षं होतील. फोंड्याजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघं भाऊ आरतीच्या एकाच ताफ्यात घुमट वाजवत मोठे झालो. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बांधलेलं असतं आणि लहान तोंड मोकळं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या तळव्याने ते लहान तोंड झाकत-उघडत राहायचं. खरा आवाज त्या डाव्या हातात असतो. मी लहानपणी तो गच्च दाबून धरायचो, मग दादा आरती चालू असतानाच कानाशी म्हणायचा, "दावो हात उक्तो दवर रे."

पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावत. कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. बकऱ्याच्या कातड्यावर तसा आवाज येत नाही म्हणून गावातल्या जुन्या वादकांनी कुरकुर केली. दादाने मात्र त्यासाठी वर्षं घालवली. कातडं किती वेळ भिजवायचं, किती ताणायचं, सावलीत किती दिवस ठेवायचं, सगळं करून करून बघितलं. कोवळ्या बकऱ्याचं पातळ कातडं बरं, असं त्याचं मत झालं होतं. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, त्या दिवशी तो अंगणात नवं घुमट बांधत बसला होता. बातमी सांगितली तर म्हणाला, "बरें जालें, दोरी धर."

तो गेल्यावरच्या पहिल्या चवथीला सुतक फिटलं होतं, गणपतीही आणला, पण घुमट कोणी खाली उतरवलं नाही. टाळ्या वाजवून आरती केली. शेजारून घुमट, शामेळ (ढोलाचा एक प्रकार) आणि कांसाळी (झांजा) ऐकू येत होती आणि आमच्या घरात सगळे खाली बघत होते. दुसऱ्या वर्षी मी घुमट काढलं तेव्हा कातडं सैल पडलेलं. कातडं बांधण्याचं काम नेहमी दादाचं, मी कधी हात लावलेला नाही. दोन कातडी माझ्या हातून फाटली, तिसरं बसलं. आवाज दादाच्या घुमटासारखा नव्हता, जरा बसका होता. तरी वाजवलं. मधेच दादाचा बारा वर्षांचा मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुझा डावा हात बंद राहतो."

त्या रात्री ठरवलं की हे विचारायचं. तुम्ही आणि तुमचं माणूस मिळून जे करत होता, ते त्याच्यामागे कसं चालू ठेवलंत? पहिल्या दिवशी काय झालं? काय बदलावं लागलं? जमलं नसेल तर तेही लिहा.

सत्तरी तालुक्यातून

माझे सासरे माटोळीचं सामान आणायला रानात जायचे. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-फुलं बांधायची, ती माटोळी. लग्न होऊन आले त्या वर्षी पाय मोकळे करायला म्हणून त्यांच्यामागे गेले आणि मग अठरा वर्षं गेले. सासूबाई हसायच्या, सुनेला रानाचं वेड लागलं म्हणून.

कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, कवंडळ, तोरिंग, बेड्यांचे (सुपाऱ्यांचे) घोस. नावं मला पाठ होती. मामंजी गेल्यावर पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा कळलं की नावं पाठ असून भागत नाही. कांगल्याची वेल कुठल्या वळणावर, कुठल्या झाडावर चढलेली, हे त्यांनी कधी तोंडाने सांगितलंच नव्हतं. ते चालायचे आणि मी मागून चालायचे, वाट त्यांच्या पायांना ठाऊक होती. दोन तास फिरून कवंडळ तेवढी घेऊन घरी आले आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी वाड्यावरच्या एका गुराख्याला घेऊन गेले. तो म्हणाला, "तुझो मांव (सासरा) हांगा बसून पान खातालो." त्या दगडावर बसले, समोर पाहिलं तर वेल समोरच. आता मी प्रत्येक जागा मुलाला मोठ्याने सांगते. मुरडशेंगेला केवण का म्हणतात आणि तिची साल कशी सोलायची, तेही. तो मोबाईलवर फोटो काढून ठिकाण जपून ठेवतो. मामंजींना हे आवडलं असतं का, सांगता येत नाही. एक नियम मात्र त्यांचाच ठेवलाय. वेलीवरची सगळी फळं काढायची नाहीत, निम्मी रानाला ठेवायची.

मडगावहून

आमचं मूळ गाव कुर्डी, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं. साळावली धरणाखाली गेलं आणि लोक वाडे आणि वालकिणी या गावांत गेले. बाबा पुढे मडगावला आले. दक्षिण गोव्याला त्याच धरणाचं पाणी येतं. नळ सुरू झाला की बाबा म्हणायचे, "घरचें पाणी आयलें."

मे महिन्यात पाणी ओसरतं, घरांचे चौथरे वर येतात आणि सोमेश्वराच्या देवळापाशी गावकरी जमतात. बाबा तिथे भजन म्हणायचे आणि मी मागे टाळ धरायची. ते गेल्यानंतरच्या मे महिन्यात पेटी गाडीत घातली आणि गेले. गळा माझा बेताचा आहे. तडकलेल्या चिखलावर सतरंजी घातली आणि बाबांचा आवडता अभंग धरला. दुसऱ्या कडव्यालाच आवाज फुटला. मागून एका म्हाताऱ्या आजीने ओळ उचलली, मग आणखी चार-पाच जणांनी. बाबांपेक्षा सावकाश म्हटला गेला, पण पूर्ण झाला.

करमळीहून

आमच्यात पक्ष्यांचा छंद माझ्या यजमानांचा. निवृत्तीनंतर ते मला करमळीच्या तळ्यावर न्यायला लागले आणि हळूहळू मलाही लागला. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला कोकण रेल्वेचं स्टेशन. गाडीचा आवाज झाला की अडई उडतात आणि पुन्हा येऊन बसतात. ते मोजायचे, मी वहीत लिहायची. अडई, जांभळी पाणकोंबडी, थंडीत आलेली तलवार बदकं.

ते गेल्यावर दोन हिवाळे मी एकटी जात राहिले. दुर्बीण त्यांचीच. तिच्या उजव्या भिंगाजवळ एक कडी असते, ती फिरवून आपल्या डोळ्याप्रमाणे लावायची. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, त्यामुळे कडी भलतीकडेच लावलेली. मला सगळं धूसर दिसायचं. पण ती खूण त्यांच्या बोटांनी लावलेली, फिरवायला हात धजेना. एक डोळा मिटून बघायची.

गेल्या डिसेंबरात तळ्यावर एक कॉलेजातली मुलगी भेटली. तिने दुर्बीण मागितली. मी काही म्हणायच्या आत तिने कडी फिरवली आणि म्हणाली, "आजी, आता बघा." जीव गलबलला. मग डोळ्याला लावली. तलवार बदकाच्या मानेवरची पांढरी रेघ मला दोन वर्षांनी स्वच्छ दिसली. घरी येऊन कडीची जुनी जागा कुठे होती ते आठवून वहीच्या पहिल्या पानावर चित्र काढून ठेवलं. आता ती मुलगी मोजते आणि मी लिहिते.

डिचोलीहून

करमळीच्या वहिनी, तुमचं वाचून दुकानात ग्राहक उभा असताना डोळे पुसले.

माझं जमलं नाही, म्हणून लिहितो. बाबा गावच्या जत्रेतल्या नाटकात तीस-पस्तीस वर्षं काम करत. मी त्यांच्याबरोबर तालमींना बसायचो, सगळ्यांचे संवाद मला पाठ. ते गेल्यावर मंडळींनी त्यांची भूमिका मला दिली. रंगीत तालमीत प्रकाश पडला आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटेना. तीन वेळा तसंच झालं. शेवटी भूमिका दुसऱ्याने केली. मी विंगेत प्रॉम्प्टिंगला बसलो, आणि अजून तिथेच बसतो. बाबांचे संवाद ओठांतल्या ओठांत रोज म्हणतो, समोरचा तेच मोठ्याने म्हणतो.

पेडण्याहून

काका, घुमटाचं वाचून विचारतोय. आजोबा गेले तेव्हा मी सहावीत होतो. त्यांच्या मांडीवर बसून हात मारायचो एवढंच आठवतं. त्यांचं घुमट माळ्यावर सापडलंय, कातडं पार सुटून गेलंय, नुसतं मडकं उरलंय. घरात आता कोणाला वाजवता येत नाही. ते दुरुस्त होईल का? मला शिकायचंय.

फोंड्याहून

अरे बाळ, होईल. आधी मडकं तपास. रिकाम्या मडक्यावर बोटाने टिचकी मार. आवाज खणखणीत आला तर ठीक, फुटका आला तर कुठेतरी तडा आहे. मोठ्या तोंडाची कड कुठे फुटली आहे का तेही बघ, कारण दोरीचा ताण तिथेच बसतो. पाण्याने धुऊ नकोस, कोरड्या फडक्याने पूस.

श्रावणात मधेमधे ऊन पडतं, तेव्हा रविवारी घेऊन ये. कातडं आदल्या रात्री मी भिजत घालीन. दादाचा मुलगा घरीच असेल, दोरी धरायला तो आहे. बांधून झालं की आठ दिवस सावलीत ठेवू, तोवर तू आमच्या घुमटावर हात बसव.