मदत हवी आहे: हेपटायटिस सी बरा झाला म्हणतात, मग टेस्ट अजून पॉझिटिव्ह कशी?

शेवग्याची_शेंग
नमस्कार मंडळी, प्रश्न माझ्या आत्याबद्दल आहे, वय साठीच्या पुढे, सोलापूर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर अँटी-एचसीव्ही (हेपटायटिस सी या लिव्हरच्या व्हायरसची टेस्ट) रिअ‍ॅक्टिव्ह आलं, घरात कोणाला हे काय असतं ते पण माहीत नाही, त्रास काही नाही, कावीळ कधी झालेली नाही. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा निघालं की १९९३ ला धाकट्याच्या सिझेरियनला रक्त चढवलेलं, तेव्हापासूनच असणार म्हणे. मग व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती ते) तपासला, जीनोटाइप ३ (व्हायरसचा प्रकार) निघाला, सरकारी दवाखान्यातून सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या व्हायरसवरच्या गोळ्या, १२ आठवडे फुकट मिळालं. औषध संपल्यावर तीन महिन्यांनी आरएनए टेस्ट (रक्तात खुद्द व्हायरस आहे का ते बघणारी) केली, नॉट डिटेक्टेड, पेढे वाटले. आता डोळ्यांच्या दवाखान्यात परत ती अँटी-एचसीव्हीची कार्ड टेस्ट केली तर परत रिअ‍ॅक्टिव्ह, आणि काउंटरवर सांगतात पेशंट पॉझिटिव्ह आहे, वेगळं किट लागेल, जास्तीचे पैसे भरा. आत्याने जेवण सोडलंय, तिला वाटतंय व्हायरस लिव्हरमध्ये लपून बसलाय. शेजारच्या काकांना हेपटायटिस बी आहे, त्यांना गोळी कायमची सांगितलीय, मग हिची तीन महिन्यात कशी काय संपली? मी कॉमर्सवाली, पण थोडं खोलात गेलात तरी चालेल.

तिखटमीठ
ताई आमच्या गावाला काविळीचं झाडपाल्याचं औषध देतात, तीन दिवस उपाशीपोटी, लांबून लोक येतात. एकदा बघा घेऊन.

अणुरेणू
तिखटमीठ, नको हो. साधी कावीळ बहुतेक हेपटायटिस ए किंवा ई ची असते, ती बहुतेकांची आपोआप बरी होते आणि नाव त्या औषधाचं होतं. सी मध्ये बऱ्याच जणांना कावीळ होतच नाही, वीस-तीस वर्षं आतल्या आत लिव्हर खराब होत राहतं. त्यात नको ते काढे दिले तर भलतंच व्हायचं.

शेवग्याची_शेंग, आधी टेस्टचं सांगतो. कार्ड टेस्ट व्हायरस बघतच नाही, ती अँटीबॉडी बघते, म्हणजे व्हायरसशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं. व्हायरस गेला तरी त्या वर्षानुवर्षं राहतात, काहींच्यात जन्मभर. त्यामुळे आत्यांचं कार्ड पुढच्या वर्षी पण रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकतं, त्याने काही बिघडत नाही. व्हायरस आहे का नाही हे आरएनए टेस्ट सांगते, आणि औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी ती निगेटिव्ह असेल तर त्यालाच बरं झालं म्हणतात. त्यानंतर तोच व्हायरस परत उलटणं फारच क्वचित.

आता लपून बसण्याचं. बी आणि सी ही नावं शेजारी शेजारी असली तरी व्हायरसांचं एकमेकांशी नातं नाही. बी हा डीएनएवाला, तो लिव्हरच्या पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि स्वतःच्या डीएनएचं गोल कडं करून तिथे ठेवून देतो, आजची औषधं त्या कड्यापर्यंत पोचत नाहीत म्हणून काकांची गोळी चालू. सी हा आरएनएवाला, डेंग्यूच्या कुळातला. साधारण ९,६०० अक्षरांची एक आरएनएची पट्टी, बस. तो केंद्रकात जातच नाही, बाहेरच पेशीच्या यंत्रणेकडून एक लांबलचक प्रथिन बनवून घेतो, त्याचे तुकडे होऊन १० प्रथिनं होतात, त्यातली काही मिळून पट्टीच्या कॉपी काढत बसतात. डीएनएच्या रूपात तो कधीच नसतो. म्हणजे टिकायचं असेल तर सतत कॉपी काढत राहणं एवढाच मार्ग त्याच्याकडे आहे. कॉपी काढणं थांबवा, जुने आरएनए मोडून जातात, पेशीकडे परत उगवायला काही उरत नाही.

शेवग्याची_शेंग
बापरे, हे कोणी सांगितलंच नव्हतं, खूप धन्यवाद. पण मी वाचलं की हा व्हायरस सारखा बदलतो म्हणून लस नाही. मग गोळीला का नाही चुकवत? आणि १९९३ ला रक्त तपासत नव्हते का??

अणुरेणू
बदलतो हे खरंय. कॉपी काढणारं प्रथिन, एनएस५बी, स्वतःच्या चुका तपासत नाही, जवळपास प्रत्येक कॉपीत एखादं अक्षर चुकतं. आणि उपचार न घेतलेल्या पेशंटच्या शरीरात रोज एक लाख कोटीच्या आसपास व्हायरस तयार होतात, विचार करा किती वाण होत असतील. अँटीबॉडी ज्या बाहेरच्या आवरणाला पकडते तिथे बदल झाला तरी व्हायरसचं फारसं अडत नाही, म्हणून अँटीबॉडी कायम मागे राहते आणि लस जमत नाही. सोफोसबुविर मात्र एनएस५बीच्या ऐन कामाच्या जागी बसतं. माळ ओवताना एका बाजूने बुजलेला मणी आला की दोरा पुढे जात नाही, तसं ते औषध आरएनएच्या साखळीत जाऊन बसतं आणि साखळी तिथेच खुंटते. त्या जागेत बदल करून व्हायरस औषध चुकवू शकतो, पण मग त्याचं स्वतःचंच कॉपीचं काम लंगडं पडतं. शिवाय डॅक्लाटासविर दुसऱ्याच प्रथिनावर, एनएस५एवर. एकाच वेळी दोघांना चुकवणारा वाण टिकणं अवघड. ९० टक्क्यांहून जास्त लोक यात बरे होतात. माझ्या मते गेल्या काही दशकांतलं औषधशास्त्राचं सगळ्यात कमी गाजलेलं यश आहे हे.

उंडगा
१९९३ चं मी सांगतो, ब्लड बँकेत होतो. हा व्हायरस सापडला तोच १९८९ ला, अमेरिकेत कायरॉन कंपनीत मायकल हॉटन आणि सहकाऱ्यांना. आधी त्याला नुसतं नॉन-ए नॉन-बी म्हणायचे. गंमत म्हणजे तेव्हा तो प्रयोगशाळेत कोणी वाढवू शकलं नव्हतं, चिंपांझीच्या रक्तातून जनुकांचे तुकडे काढून त्यातून ओळखला. २०२० चं नोबेल हॉटन, हार्वी आल्टर आणि चार्ल्स राइस यांना मिळालं ते यासाठीच. आपल्याकडे दात्याच्या रक्ताची सीसाठी तपासणी सक्तीची झाली २००१ ला. त्याआधी रक्त घेतलेल्या सगळ्यांनी एकदा टेस्ट करून घ्यावी असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आणि त्या काउंटरवाल्यांना आरएनएचा रिपोर्ट दाखवा, लिव्हरच्या डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घ्या. निर्जंतुकीकरण सगळ्याच पेशंटना सारखं करायचं असतं, त्याचे वेगळे पैसे कसले?

शेवग्याची_शेंग
पत्राचं लगेच करते. ताट-वाटी, टॉवेल वेगळं ठेवायचं का हे आत्या विचारतेय, तिने स्वतःच वेगळं काढलंय.

अणुरेणू
ताट-वाटी आधी पण वेगळी लागत नव्हती, हा रक्तातून पसरतो, जेवणातून नाही. फक्त त्या जुन्या अँटीबॉडी संरक्षण देत नाहीत, परत लागण होऊ शकते, तेव्हा इंजेक्शनची सुई नवीनच हवी. आणि एक महत्त्वाचं विचारायचं राहिलं: फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) झालं होतं का? सिरॉसिस, म्हणजे लिव्हरवर कायमचे व्रण, झालेला असेल तर व्हायरस गेल्यावरही लिव्हर कॅन्सरचा धोका थोडा राहतो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. नसेल तर एवढं काही नाही.

शेवग्याची_शेंग
झालं होतं बहुतेक, फाइल भावाकडे आहे. मिळाली की आकडा इथे टाकते.