मदत हवी आहे: हिरो दोन, पहिलं नाव कोणाचं टाकू?

गोदाकाठ_परभणी
उद्या सकाळी फ्लेक्सवाल्याला फाइल द्यायचीय. दोघंही म्हणायलेत माझंच नाव आधी. एक तर फोनच उचलेना. कोणाचं टाकू? लवकर सांगा.

पडद्यामागे
सिनेमा का नाटक? नुसतं पोस्टर का टायटलपण? लेखी काही ठरलंय का?

गोदाकाठ_परभणी
वेबसिरीज, पाच भाग. लेखी कशाचं, गावातलीच पोरं. काम दोघांचं सारखंच.

जुना_प्रेक्षक_लातूर
तिरपी नावं टाका. 1974 च्या 'द टॉवरिंग इन्फर्नो' या इंग्रजी सिनेमाला हेच केलं. स्टीव्ह मॅक्वीन डावीकडं पण खाली, पॉल न्यूमन उजवीकडं पण वर. डावीकडून वाचलं तर मॅक्वीन पहिला, वरून वाचलं तर न्यूमन. दोघांचाही मान राहिला.

नांदेडचा_भाऊ
इंग्रजी चोचले कशाला? शोलेत अमिताभ पहिला होता, कोणी भांडलं का?

जुना_प्रेक्षक_लातूर
टायटल परत बघा भाऊ. आधी धर्मेंद्र, मग संजीव कुमार, हेमा मालिनी, चौथा अमिताभ. 1975 ला धर्मेंद्र मोठा स्टार होता.

नांदेडचा_भाऊ
पण आज लोक जय-वीरूच म्हणतात, जय आधी!

डिझाइनवाला_जालना
फाइल सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांत करा, नाहीतर छापताना लाल रंग बदलतो. अन् फॉन्ट कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाका, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

बीडची_ताई
शेवटचं नावही मानाचंच असतं. प्राण यांचं नाव सगळ्यांच्या शेवटी, 'अँड प्राण' असं यायचं. एकाला 'आणि' लावून शेवटी घ्या.

गोदाकाठ_परभणी
ताई, दोघंच हायेत, शेवटचा म्हणजे दुसराच की. अन् एकाच्या मामानं कॅमेऱ्याचं भाडं भरलंय, ते म्हणायलेत भाच्याचं नाव वर पाहिजे.

पडद्यामागे
हे आधी सांगायचं की! मामाला निर्माता म्हणून वेगळी पाटी द्या, हिरोच्या क्रमाशी त्या पैशाचा संबंध लावू नका. टायटलला भागागणिक नावं आलटून पालटून. पाच भाग म्हणजे एकाला तीनदा पहिलं, एकाला दोनदा. दोनवाल्याला पोस्टरवर डावी बाजू. अक्षरांचा आकार सारखाच ठेवा, तो एका पॉइंटनं जरी कमी दिसला तरी पुन्हा भांडण.

बीडची_ताई
अन् फोटो? ज्याचा फोटो, त्याच्याच खाली त्याचं नाव यायला पाहिजे, ते उलटं दिसलं तर बघणारा गोंधळतो.

गोदाकाठ_परभणी
फोटोत भाचा डावीकडं हाय. म्हणजे टायटलला दुसऱ्याला तीनदा पहिलं द्यावं लागेल. पाडव्यापासून दोघं एकमेकांशी बोलेनात, तरी आता फोन न उचलणाऱ्याच्या घरीच जातो. नाव तिरपं लावून दाखवतो.

नांदेडचा_भाऊ
सिरीज बघायला कुठं मिळंल ते पण टाका.