मदत हवी आहे : दोन दिवसांची योग कार्यशाळा, गट मिश्र

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवार-रविवारी योग कार्यशाळा घेतेय. दोन्ही दिवस सकाळ-संध्याकाळ सत्रं. निम्मे जण पहिल्यांदाच चटईवर बसणार, निम्मे सूर्यनमस्कारांत मुरलेले.

अडतंय ते रविवारच्या सकाळी. शनिवारी वीरभद्रासन, उत्कटासन झालं की नवख्यांच्या मांड्या-पोटऱ्या दुसऱ्या दिवशी हमखास धरतात. जिना उतरतानाच चेहऱ्यावर दिसतं. अशा अंगाने पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून पुढे वाकताना) रेटा देणं मला अजिबात पटत नाही. म्हणून सकाळी सूक्ष्म व्यायाम, मार्जारासन, पाठीखाली लोड घेऊन सुप्त बद्धकोनासन आणि मग सावकाश अनुलोम-विलोम, असं योजलंय. पण मुरलेल्यांना हे फार हलकं वाटेल का? त्याच वेळात, त्याच खोलीत त्यांना वेगळं काय देता येईल? दोन गट पाडायचे नाहीत, कारण मदतीला दुसरं कोणी नाही.

दुसरं, तब्येतीची माहिती. उच्च रक्तदाब असेल तर कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारं आसन नाही, अधोमुख श्वानासनसुद्धा नाही, हे पक्कं. अर्जात विचारलंय, पण लोक तो रकाना रिकामा सोडतात आणि सगळ्यांसमोर बोलायला संकोचतात. तुम्ही हे कधी आणि कसं विचारता?

आणि शेवटचं शवासन किती मिनिटं ठेवता? मला दहापेक्षा कमी नको वाटतं. अनुभवी मंडळींनी जरूर सांगा.