‘ब्रेडेड’ला मराठीत काय म्हणावं : वेणी, गोफ, की नुसतं ‘विणलेलं’?

जळगावकडचा :
प्लास्टिकच्या नळ्या करणाऱ्या एका कारखान्यात मी शिफ्ट इन्चार्ज आहे. यंत्रावर नव्यानं येणाऱ्या मुलांसाठी मराठीत चार पानांचं पत्रक लिहितोय आणि पहिल्याच ओळीत अडलोय. फवारणीच्या पंपाला लावतात तो पाइप कापला, तर पीव्हीसीच्या दोन थरांमध्ये पॉलिएस्टरच्या धाग्याचं तिरपं काम दिसतं. दुकानात त्याला ‘ब्रेडेड पाइप’ म्हणतात, शेतकरी ‘जाळीचा पाइप’ म्हणतात. एका नव्या मुलाला ‘ब्रेडेड’चा संबंध पावाशी आहे असं वाटत होतं. चूक त्याची नाही, हा शब्द त्याला कोणी सांगितलाच नव्हता. ‘विणलेला पाइप’ लिहू का?

धोटा :
नका लिहू. मी धुळ्यात बरीच वर्षं मागावर काढली. आमच्याकडे ‘विणलं’ म्हटलं की ताणा आणि बाणा आलेच. ताणा बीमवरून उभा येतो, बाणा धोट्यातून आडवा जातो आणि दोघांची गाठ काटकोनात पडते. तुमच्या पाइपात ताणा कोणता आणि बाणा कोणता? दोन्हीकडचे धागे सारखेच तिरपे. ‘विणलेला’ वाचून कारागीर डोळ्यांपुढे कापड आणेल.
‘जाळी’ही नको. मासे धरायच्या जाळ्यात प्रत्येक भेटीला गाठ असते. इथे धागे एकमेकांवरून नुसते सरकतात, आणि ते सरकणं महत्त्वाचं आहे.

सुईदोरा :
नाना, मागावरचा अर्थ बरोबर, पण मराठीत ‘विणणे’ त्याहून पुष्कळ मोठं आहे. स्वेटर विणतात, त्यात ताणा-बाणा नसतो, टाक्यात टाका अडकवलेला असतो. खाट विणतात, टोपली विणतात, कोळीसुद्धा जाळं विणतो. भाषेनं वेगळेपणा जपलाय तो इतर क्रियापदांत : वेणी घालतात, चऱ्हाट वळतात, हार गुंफतात, मणी ओवतात. या प्रत्येकात हाताची हालचाल निराळी आहे. तांत्रिक शब्द करताना ही क्रियापदं टाकून सगळीकडे ‘विणकाम’ लिहिलं, तर घरात असलेलं ज्ञान आपणच फेकून देतो.

तापीकाठ :
मग ‘वेणी’च घ्या की. सोबत ‘पेड’ फुकट मिळतो. तीन पेडी, पाच पेडी वेणी सगळ्यांना कळते. यंत्रावर एका रिळावरून येणारा जो धागा, तो पेड. ‘सोळा पेडी पाइप’ म्हटलं की समजावून सांगायला नको.

अमळनेरचा मास्तर :
‘पेड’ला माझा पूर्ण पाठिंबा, ‘वेणी’ला अर्धाच. केसांची वेणी चपटी असते. काठाचा पेड काठाला पोचला की उलट फिरतो आणि परत मध्ये येतो. पाइपावरच्या कामाला काठच नाही, पेड गोल फिरत राहतो. त्यासाठी आपल्याकडे शब्द तयार आहे : गोफ.

गळ्यातला सोन्याचा गोफ माहीत असतो, पण मला सांगायचाय तो नाचातला गोफ. शाळेच्या गॅदरिंगला आम्ही दरवर्षी बसवायचो. वर आढ्याला रंगीत दोर बांधायचे आणि एकेकाचं टोक एकेका मुलाच्या हातात द्यायचं. निम्मी मुलं उजवीकडून, निम्मी डावीकडून, समोर येणाऱ्याला एकदा आतून, एकदा बाहेरून ओलांडत जायची. वरून खाली गोफ उतरत यायचा. मग पावलं उलटी टाकली की सगळा उकलायचा. एकानं एक ओलांडणं चुकवलं तर तिथेच गुंता.

जळगावकर, तुमच्या यंत्रावर रिळं याच चालीनं फिरतात ना? निम्मी घड्याळाच्या दिशेनं, निम्मी विरुद्ध, एकमेकांना आतून-बाहेरून ओलांडत? युरोपातही खांबाभोवती फिती घेऊन असाच नाच करतात आणि त्याच नाचावरून या यंत्राला ‘मेपोल’ म्हणतात. त्यांनी नाचावरून नाव दिलं, तर आपण ‘गोफयंत्र’ म्हणायला का संकोच करायचा?

जळगावकडचा :
मास्तर, अगदी हीच चाल. आठच्या आकड्यासारख्या खाचांतून रिळं पळतात. फरक एवढाच की मुलांच्या हातातले दोर आखूड होत जातात, इथे रिळातून धागा सुटत राहतो आणि तयार पाइप पुढे ओढला जातो. ओढ वाढवली की धागे पाइपाच्या लांबीकडे झुकतात, कमी केली की आडवे पडतात.

शिरपूर :
आमच्या अहिराणीत दोर ‘वयतात’. संस्कृतात ‘वयन’ म्हणजे विणणं. म्हणजे दोर वळणं आणि विणणं मुळात एकच होतं का?

सुईदोरा :
मोह होतो, पण नाही. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, जसं केळीची ‘केयी’, काळ्याचा ‘काया’. तसंच ‘वळणे’चं ‘वयणे’ झालं. ‘वयन’शी जुळतो तो फक्त आवाज.

तापीकाठ :
आणि काम तर वेगळंच आहे. पोळ्याआधी आजोबा अंबाडीचा वाख काढून चऱ्हाट वळायचे. प्रत्येक पेडाला एकीकडे पीळ, आणि पेड एकत्र करताना उलटीकडे. म्हणूनच सुंभ जळाला तरी पीळ राहतो. असा दोर भाराखाली उलगडायला बघतो, टांगलेलं ओझं गरगर फिरतं. गोफात डावे-उजवे पेड एकमेकांना तोलतात, त्यामुळे ओझं फिरत नाही. वळलेला आणि गुंफलेला हा भेद पत्रकात हवाच.

ब्राह्मणवेलची वाट :
मी संमिश्र पदार्थांत काम करते, म्हणजे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारी राळ. धाब्याच्या घराच्या मातीत भुसा कालवतात तेही तत्त्वानं हेच. फक्त तिथे भुशाची काडी कुठेही, कशीही पडते. आमच्या कामात तंतू कोणत्या दिशेला आहे यावरच सगळं ठरतं, म्हणून ही क्रियापदं मला नुसती शोभेची वाटत नाहीत.

साक्रीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांची पाती काचतंतूंची असतात. त्यांत भार मुख्यतः लांबीच्या दिशेनं येतो, म्हणून सरळ तंतूंचे थर एकावर एक ठेवून बारीक दोऱ्यानं नुसते टाचतात. विणत नाहीत, कारण वर-खाली जाणारा धागा लहरतो आणि लहरलेला धागा दाबाखाली लवकर वाकतो. ते शिवलेलं. लीप या विमान-इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बनच्या धाग्यांची. त्यांत धागे लांबी-रुंदीसोबत जाडीतूनही जातात, म्हणजे थर सुटायला जागा उरत नाही. ते माग-कामच, म्हणून विणलेलं. आणि बोइंग ७८७ ला बसणाऱ्या जीईएनएक्स इंजिनात पंख्याभोवतीचं कडं आहे. पातं तुटलं तर ते आतच अडवायचं त्याचं काम. त्यात तिरप्या पेडांच्या दोन जोडीदारांबरोबर तिसरे, सरळ जाणारे पेडही असतात. तो गोफ, आणि त्या तिसऱ्यांना ‘उभे पेड’ म्हणावं.

धोटानानांनी ‘सरकणं महत्त्वाचं’ म्हटलं ते सोन्यासारखं आहे. कार्बनच्या गोफाची पोकळ बाही दोन्ही टोकांनी दाबली की फुगते, ओढली की आवळते. म्हणून ती कमी-जास्त जाडीच्या साच्यावर सुरकुती न पडता बसते. मागाचं कापड असं बसवायचं तर कापून जोडावं लागतं.

जळगावकर, तुमच्या पाइपात पेड पाइपाच्या लांबीशी किती कोन करतात?

जळगावकडचा :
कागदावर ५४.७ लिहिलेलं असतं. का, ते मला आजवर कोणी सांगितलं नाही.

ब्राह्मणवेलची वाट :
आतला दाब नळीच्या भिंतीवर घेराच्या दिशेनं जेवढा ताण आणतो, त्याच्या निम्मा लांबीच्या दिशेनं आणतो. धाग्याला दोन्ही ताण नेमके पेलता येतील असा एकच कोन आहे, ज्याच्या टॅनचा वर्ग २ येतो. तो ५४.७ अंश. कोन याहून लहान असेल तर दाब आल्यावर पाइप आखडतो आणि फुगतो, मोठा असेल तर लांबतो आणि बारीक होतो. फवारताना पाइप हातात वळवळत असेल तर आधी हा कोन तपासा.

धोटा :
इतकी वर्षं धाग्यात काढली, हे नव्हतं माहीत. मास्तरांचा ‘गोफ’ मला मान्य.

जळगावकडचा :
सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य असं ठेवतोय : “आतल्या नळीवर सोळा पेडी गोफ गुंफला जातो. पेडांचा कोन ५४.७ अंश राहील अशी पाइपाची ओढ ठेवावी.” चपट्या पट्टीसाठी ‘वेणी’ वेगळी ठेवली आहे.

ब्राह्मणवेलची वाट :
‘पाइपाच्या लांबीशी ५४.७ अंश’ असं लिहा. नाहीतर एखादा मुलगा घेराकडून मोजेल, त्याला ३५.३ मिळतील आणि तो चांगली चाललेली ओढ बदलून ठेवेल.