टोपली विणणं म्हणे रिकामटेकड्यांचा उद्योग!

खरडूराव: कालच्या पोस्टमधलं वाक्य: "मडकं येईपर्यंत टोपली ठीक होती, आता प्लॅस्टिक आहे. त्यात संस्कृती कसली शोधता? रिकामटेकड्यांचा उद्योग." वाचून डोकं फिरलं. मृत समुद्राजवळच्या ज्यूडियन वाळवंटातल्या मुरब्बआत गुहेत साधारण १०,५०० वर्षांपूर्वीची टोपली सापडली. झाकणासकट! शंभरेक लिटर मावेल एवढी. त्या भागात तेव्हा मडकंच नव्हतं.

वेताळ: ते वाक्य माझंच. 'त्या भागात' हे बरं सोयीचं! चीनमधल्या शियानरेनदोंग गुहेतली खापरं २०,००० वर्षांची आहेत. मडकं आधी. विषय संपला.

खरडूराव: खापर टिकतं, टोपली कुजते, एवढं तरी कळतं ना? चेक देशातल्या मोराव्हिया भागात, पावलोव्ह गावी मातीवर विणीचे ठसे मिळालेत, २५,००० वर्षांहून जुने.

वेताळ: कापडाचे असतील.

खरडूराव: असतील. पण ज्याला दोरा विणता येतो त्याला काडी विणता येत नाही होय?

सुपातली: आधी कोण, यावर किती भांडाल? कॅलिफोर्नियातल्या पोमो या आदिवासी जमातीच्या बायका इतकं घट्ट विणायच्या की पाणी गळायचं नाही. तापलेले दगड टाकून टोपलीतच अन्न शिजवायचं. मडक्यावाचून अडलं नाही त्यांचं.

काडीपैलवान: मला एकच सांगा, टोपली विणणारं मशीन कुणी पाहिलंय? 'हँडमेड' म्हणून मागवली, निघालं साच्यातलं प्लॅस्टिक. वर विणीची नक्षी!

वेताळ: मशीन असतंच. मी व्हिडिओ पाहिलाय.

काडीपैलवान: लिंक टाका.

सुपातली: मनगट मोडलं तेव्हा थेरपीत मला वेत विणायला दिला होता. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांनाही हेच काम द्यायचे. तीन आठवड्यांत एक वाकडी परडी झाली. भिजवलेला वेत हातात वाळला की कडाकड मोडतो. रिकामटेकडे म्हणे! तुम्ही नुसता तळ बांधून दाखवा.

वेताळ: म्हणजे रुग्णांचा टाइमपास. मी वेगळं काय म्हणालो?

सुपातली: जीभ आवरा.

खरडूराव: गरम हवेच्या फुग्याला आजही वेताचीच टोपली असते. उतरताना आपटली तर लवते, धक्का खाते. जा, प्लॅस्टिकच्या बादलीत बसून उडा.

वेताळ: बरं बाबा, फुग्यापुरती संस्कृती मान्य. बाकीच्याला केराची टोपली.

खरडूराव: तीही कुणीतरी विणलेलीच.

काडीपैलवान: लिंक?

वेताळ: शोधतोय.