नवख्याला डिस्ट्रोंची यादी देऊ नका, एकच नाव द्या

सावंतवाडीकर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून नातेवाईक, शेजारी, जुने मित्र, सगळ्यांचा एकच प्रश्न, लॅपटॉप धडधाकट आहे पण विंडोज ११ घेत नाही, त्याला लागणारी सुरक्षेची चिप (टीपीएम २.०) नाही किंवा प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचा, मग विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टीम टाकू का आणि कुठलं टाकू. यावर आपण मंडळी डिस्ट्रोंची, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार अवतारांची, यादी हातात देतो. उबंटू बघ, फेडोरा बघ, झोरिन विंडोजसारखं दिसतं, डेबियन पण छान, आणि हो, डेस्कटॉपचं रूप ग्नोम की केडीई ते आधी ठरव. तो माणूस यूट्यूबवर तुलना बघून बघून दमतो आणि त्याच अपडेट बंद झालेल्या विंडोजवर नेटबँकिंग करत राहतो.

मी म्हणतो एकच नाव द्या, लिनक्स मिंट. त्यातही सिनॅमन डेस्कटॉपवालं. रॅम ४ जीबीच असेल तर हलकं एक्सएफसीई. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, हात आपोआप तिथे जातो. अपडेट कधी टाकायचे ते तुम्ही ठरवता. टाइमशिफ्ट (सिस्टीमची प्रत जपून ठेवणारं साधन) पहिल्याच दिवशी लावून ठेवलं की एखाद्या अपडेटने गडबड केली तर सिस्टीम आदल्या स्थितीत परत नेता येते. मिंटची २२ ची मालिका उबंटू २४.०४ एलटीएसवर, म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टवाल्या आवृत्तीवर, उभी आहे, २०२९ पर्यंत सिक्युरिटी अपडेट येणार. डिस्ट्रोमधला फरक कळायला आधी कुठलं तरी एक वापरलेलं असावं लागतं, ज्याने काहीच वापरलं नाही त्याला निवड करायला सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

कर्नलकन्या

असहमत, आणि जोरात असहमत. तुमच्यासमोर जुने लॅपटॉप येतात म्हणून एकच नाव पुरतं असं वाटतंय. माझ्याकडे येतात ती इंजिनिअरिंगची पोरं, नवा लॅपटॉप, हाय रिझोल्यूशन स्क्रीन, शेजारी साधा मॉनिटर. सिनॅमन अजून डिफॉल्टला एक्स११ या पडद्यावर चित्र काढणाऱ्या जुन्या यंत्रणेवर चालतं, दोन स्क्रीनला वेगवेगळं स्केलिंग (अक्षरं-चित्रं लहानमोठी करणं) हवं असेल तर एकीवर अक्षरं मुंगीएवढी नाहीतर दुसरीवर धुरकट. फेडोरा २०१६ पासून वेलँड ही नवी यंत्रणा डिफॉल्टला देतंय, तिथे हे सरळ सेटिंगमध्ये होतं, शिवाय कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा सिस्टीमचा गाभा) ताजा असल्यामुळे नवीन वायफाय चिप ओळखली जाण्याची शक्यता जास्त. मशीन न बघता औषध लिहून देऊ नका.

सावंतवाडीकर

@कर्नलकन्या, कर्नलचा मुद्दा आता तेवढा राहिला नाही, २२ पासून मिंटच्या मधल्या छोट्या आवृत्त्यांबरोबर नवे कर्नलही येतात. स्केलिंगचं मान्य, ते फेडोरावर बरंच बरं आहे. पण फेडोराची एक आवृत्ती साधारण १३ महिने चालते, म्हणजे दरवर्षी मोठं अपग्रेड आलंच. आणि पेटंटच्या भानगडीमुळे व्हिडिओचे सगळे कोडेक (व्हिडिओ उलगडणारे भाग) आधीपासून नसतात, आरपीएम फ्यूजन हा बाहेरचा सॉफ्टवेअरसाठा जोडावा लागतो. लग्नाचा व्हिडिओ उघडला आणि नुसता आवाज आला तर नवखा माणूस कोडेक शोधणार नाही, लिनक्स भंगार आहे म्हणून मोकळा होईल.

लॅबमधला

तुमच्या भांडणात सरळ उबंटू का नको? एरर गुगलला टाकली की दहातली बहुतेक उत्तरं उबंटूचीच, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या सूचना उबंटूच्या, कॉलेजच्या लॅबमध्ये उबंटू. केरळात सरकारी शाळांमध्ये कितीतरी वर्षं उबंटूवर आधारलेली सिस्टीम चालते, शाळकरी मुलं शिकतात तर मोठी माणसं का नाही शिकणार. एलटीएसला पाच वर्षं सपोर्ट, उबंटू प्रो घेतलं तर दहा, आणि घरच्या पाच मशीनपर्यंत ते फुकट आहे.

कर्नलकन्या

उबंटूवर माझी हरकत स्नॅपला, म्हणजे त्यांच्या ॲप देण्याच्या स्वतंत्र पद्धतीला, आहे. २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपमधूनच येतो, एपीटी या नेहमीच्या कमांडने मागितला तरी स्नॅपच मिळतो, आणि जुन्या हार्डडिस्कवर तो पहिल्यांदा उघडेपर्यंत वाट बघावी लागते. मिंटने २०२० मध्येच स्नॅप डिफॉल्टला बंद केलं, यात मी सावंतवाडीकरांच्या बाजूने. आणि डिस्ट्रो कुठलंही टाका, मशीनमध्ये अजून फिरती हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा, त्याने जो फरक पडेल तो डिस्ट्रो बदलून पडणार नाही.

हिशेबनीस

मला मूळ धाग्यालाच विरोध आहे. कुठलं टाकू याच्या आधी काय काम करता हे विचारा ना. माझ्या ओळखीच्या व्यापाऱ्याला एका उत्साही भाच्याने लिनक्स टाकून दिलं. हिशेबाची टॅली विंडोजसाठीच आहे, ती गेली. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर शोधण्यात अख्खा दिवस गेला, तोही रिटर्न भरायच्या आठवड्यात. दुकानातला छोटा लेसर प्रिंटर त्याच्या स्वतःच्याच प्रोटोकॉलवर चालणारा, तो मुका झाला. वर जुनी पत्रं डीटीपीच्या बिगर-युनिकोड फॉंटमध्ये, उघडली की नुसती चित्रविचित्र अक्षरं. अशा माणसाला मिंट नको नि फेडोराही नको, त्याला विंडोज ११ चालेल असं मशीनच घ्यायला सांगा. पोटाचा धंदा आहे त्याचा.

सावंतवाडीकर

@हिशेबनीस, हे पटलं, टॅलीवाल्याला मीही नाही म्हणतो. मी बोलतोय ते ब्राउझर, मेल, फोटो, थोडं लिखाण एवढंच करणाऱ्यांबद्दल, आणि घराघरात तेच जास्त आहेत.

अंगणवाडी_ते_आर्च

डिस्ट्रोवर एवढं बोललात, माणूस अडकतो तो इन्स्टॉल करताना, त्यावर कुणीच नाही. माझा अनुभव असा की लोकांचा ठाम समज असतो, डी ड्राइव्हला ठेवलंय म्हणजे सेफ, कारण विंडोज फॉरमॅट करणारा दुकानदार फक्त सी पुसायचा. इथे इन्स्टॉलरमध्ये इरेज डिस्क निवडलं की सी, डी, रिकव्हरी सगळं जातं. फोटो आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क उपटून बाजूला ठेवा, मगच इन्स्टॉलर सुरू करा.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं असेल तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू आहे का बघा, नव्या लॅपटॉपवर ते तुमच्या नकळत चालू असतं. बायोसमधलं (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमधलं) सिक्युअर बूट बदललं की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, ती आधीच कागदावर लिहून घ्या. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन लिनक्समध्ये नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बहुतेकदा बायोसमध्ये स्टोरेज आरएसटी या इंटेलच्या पद्धतीवर असतं, ते एकदम एएचसीआय या साध्या पद्धतीवर नेऊ नका, विंडोज बूटच होणार नाही, त्याला आधी सेफ मोडमधून तयार करावं लागतं.

बोरूबहाद्दर

मराठी टायपिंग कुणी काढलंच नाही! माझ्या वडिलांना वर सांगितलेल्यातलं कुठलंही चालतं, अट एकच, मराठी लिहिता आली पाहिजे. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवाल्यांना काहीच त्रास नाही, कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी जोडा, शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ येतो, दऱ्या नि सुऱ्या व्यवस्थित उमटतात. रोमनमधून लिहिणाऱ्यांना आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची साधनं टाकून त्यातली आयट्रान्स पद्धत घ्यावी लागते, पण विंडोजवरच्या गुगल इनपुटसारखे शब्द सुचवत नाही ते, हे आधीच सांगा. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता) चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा बघतो तसं चार ओळी मराठीही लिहून बघायला लावा.

पहिलाच_प्रयत्न

सगळं वाचलं. आय५ सातवी पिढी, ८ जीबी, एसएसडी, एकच स्क्रीन, टॅली नाही, प्रिंटर एचपीचा. मिंट सिनॅमन उतरवतोय. विंडोज ठेवू का पुसू?

कर्नलकन्या

तुमच्या मशीनला मिंटच योग्य, आणि एचपीसाठी लागणारं एचपीलिप हे प्रिंटर-सॉफ्टवेअर त्यात आधीच असतं. विंडोज आत्ता पुसू नका. उतरवलेल्या आयएसओ फाइलचा शा२५६ (फाइल अस्सल आहे का ते सांगणारा आकडा) साइटवरच्याशी जुळवून बघा, पेनड्राइव्हवरून दोन-चार संध्याकाळ वापरा, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का ते नक्की बघा, बॅकअप झाला की इथेच लिहा, पार्टिशनचं पान समोर असताना बोलू.

सावंतवाडीकर

आणि टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी!